पत्रक का पोचत नाही : मेल सर्व्हरच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

ग्रंथालयाचा स्वतःचा मेल सर्व्हर हाती घेतला. दोन जीबी रॅमचा भाड्याचा व्हीपीएस (आभासी सर्व्हर), त्यावर डेबियन १२ ही लिनक्स, मेल आणणारे-पाठवणारे पोस्टफिक्स ३.७, मेलबॉक्स सांभाळणारे डव्हकॉट २.३, स्पॅमच्या गाळणीला आरस्पॅमडी आणि त्याचा साठा ठेवायला रेडिस. मेलबॉक्स ६२. दर महिन्याच्या ५ तारखेला सुमारे १,४०० सभासदांना मराठी पत्रक जाते. त्यांतले ९००च्या आसपास पत्ते जीमेलचे.

तक्रार एकाच वाक्यात आली : 'मेल चालत नाही'. फोड केल्यावर चार वेगळ्या गोष्टी निघाल्या. पत्रक पुष्कळांच्या स्पॅममध्ये जाते. ओटीपीची मेल उशिरा येते. कामाची मेल जंकमध्ये आणि जंक इनबॉक्समध्ये पडते. आणि पत्रकाच्या तिसऱ्या परिच्छेदात एक अक्षर फुटून चौकोन दिसतो. शेवटची तक्रार फॉन्टची धरून बाजूला ठेवली.

आज सेटिंगला हात लावला नाही. आधी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी. डेबियन १२मध्ये त्या फाइलीत लिहिणारे आरसिसलॉग आपोआप बसत नाही, त्यामुळे मेल डॉट लॉग ही फाइलच नव्हती. सगळे जर्नलमध्ये, आणि जर्नल जागा भरली की जुने टाकून देते. आरसिसलॉग बसवून आठवड्याच्या चार फाइली राहतील असे केले.

लॉग वाचताना 'डिलेज'पुढचे चार आकडे आधी बघायचे. पहिला क्यूत (पाठवायच्या रांगेत) घेईपर्यंतचा वेळ, दुसरा क्यू मॅनेजरकडचा, तिसरा समोरच्याशी जोडणी होईपर्यंतचा (नावावरून पत्ता शोधणारे डीएनएस, ओळखीचे हेलो, जोडणी कुलूपबंद करणारे टीएलएस त्यातच), चौथा प्रत्यक्ष मजकूर पाठवण्याचा. तिसरा आकडा बरोबर ३० आला की जोडणीच झालेली नाही, कारण पोस्टफिक्सचा जोडणीसाठी थांबण्याचा मूळ वेळ ३० सेकंद आहे. अशा वेळी मजकुरात आणि गाळणीत शोधत बसू नये. फायरवॉल किंवा अडवलेला २५ नंबरचा पोर्ट (सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलचे दार) तपासावा.

३ जून

क्यूशेप चालवून अडकलेली मेल डोमेनवार पाहिली. बहुतेक मोजक्या मृत डोमेनांची. पोस्टफिक्स पाच दिवस प्रयत्न करते, म्हणून ढीग मोठा दिसतो. दुखणे तिथे नाही.

खरा घोळ बाउन्समध्ये, म्हणजे परत आलेल्या मेलमध्ये, होता. जीमेलकडून ५५० ५.७.२५ : पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) नाही. पण पीटीआर तर आहे! डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या डिगने पाहिला, उलट-सुलट दोन्ही बाजूंनी जुळतो. बाउन्समधला पत्ता नीट वाचल्यावर कळले की तो आयपीव्ही६ (नव्या, लांब धाटणीचा आयपी) आहे. व्हीपीएसला तो पत्ता आपोआप मिळालेला, आणि पीटीआर लावलेला फक्त आयपीव्ही४ला. पोस्टफिक्स मूळ सेटिंगमध्ये दोन्हींतला कुठलाही पत्ता उचलते, म्हणून तोच पाठवणारा आणि तोच पत्ता असूनही एक मेल जाते, दुसरी परत येते.

होस्टिंगच्या पॅनेलमधून आयपीव्ही६ला पीटीआर लावला, त्याच नावाचा क्वाड-ए रेकॉर्ड (नावावरून आयपीव्ही६ सांगणारी नोंद) घातला आणि एसपीएफमध्ये (आपली मेल कुठल्या आयपीवरून येऊ शकते ते सांगणाऱ्या नोंदीत) आयपी६ची नोंद केली. पीटीआर सगळीकडे दिसेपर्यंत एसएमटीपी_अॅड्रेस_प्रेफरन्स आयपीव्ही४ ठेवले. आयपीव्ही६ साफ बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. गरज नाही.

जाता जाता : एसपीएफचे दोन टीएक्सटी रेकॉर्ड (डीएनएसमधल्या मजकुराच्या नोंदी) होते, एक जुन्या वेबहोस्टिंगचा. दोन असले की निकाल थेट पर्मएरर (कायमची चूक), मग दोन्ही बरोबर असले तरी. जुना काढला. डीकिमची, म्हणजे मेलवर होणाऱ्या डिजिटल सहीची, २०४८ बिटांची चावी मात्र ठीक आहे. ती जवळपास चारशे अक्षरांची असते आणि टीएक्सटीच्या एका तुकड्यात २५५ बाइटच मावतात, त्यामुळे पुष्कळदा तिथेच ती कापली जाते. इथे दोन अवतरणांत नीट तोडलेली आहे.

५ जून

पत्रक गेले. पहिल्या दहा मिनिटांतच जीमेलकडून ४२१, म्हणजे वेग कमी करा. महिनाभर गप्प बसलेला आयपी अचानक ९०० मेल सोडू लागला की असे होणारच. पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमध्ये 'संथ' नावाचा वेगळा ट्रान्सपोर्ट (पाठवण्याचा मार्ग) काढला, ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये जीमेल त्याच्याकडे वळवले आणि त्याचा डेस्टिनेशन_रेट_डिले (दोन मेलमधला थांबा) १ सेकंद केला. हा आकडा शून्यापेक्षा मोठा झाला की पोस्टफिक्स त्या डोमेनला एकामागून एकच डिलिव्हरी करते. पत्रकाला घाई नाही, अर्धा-पाऊण तास लागला तर लागू दे.

४२१ हा बाउन्स नव्हे. क्यू साफ करून पुन्हा पाठवायचे नाही. अर्ध्या लोकांना दोनदा जाते.

७ जून, शनिवार

सकाळपासून बाहेरून एकही मेल नाही. लॉगमध्ये प्रत्येक जोडणीला ५५४ (पक्का नकार), कारण : स्पॅमहाउस झेन, म्हणजे स्पॅमच्या संशयित आयपींची काळी यादी. जीमेल काळ्या यादीत, बँका काळ्या यादीत, सगळे जग काळ्या यादीत. हे शक्यच नाही.

यादीला डीएनएसमार्फत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर डिगने थेट पाहिले : १२७.२५५.२५५.२५४. हे 'यादीत आहे' असे उत्तर नव्हे. 'तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (सगळ्यांना खुल्या डीएनएस सर्व्हरमार्फत) विचारता आहात, उत्तर मिळणार नाही' असा त्याचा अर्थ. खरी उत्तरे १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ या टप्प्यात येतात. पण पोस्टफिक्सला नुसते यादीचे नाव दिले असेल तर कुठलेही उत्तर आले की ते मेल नाकारते. रात्री सर्व्हर रीबूट झाला, नेटवर्कची सेटिंग देणाऱ्या डीएचसीपीने रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (कुठला रिझॉल्व्हर वापरायचा ते सांगणारी फाइल) पुन्हा लिहिली, त्यात सार्वजनिक रिझॉल्व्हर आला. एवढेच निमित्त.

केलेले काम, याच क्रमाने :

सॉफ्ट_बाउन्स चालू केले. त्यामुळे ५५४चे ४५४ होते, पाठवणारा मेल टाकून न देता पुन्हा येतो. आग लागली की आधी हे, मग शोध.

अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला, १२७.०.०.१वर (सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावर) ऐकणारा, कुणाकडेही फॉरवर्ड न करता स्वतः मुळापासून उत्तर शोधणारा. डीएचसीपी चालवणाऱ्या डीएचक्लायंटच्या सेटिंगमध्ये सुपरसीड या आदेशाने तोच पत्ता पक्का केला.

इथे एक खोच आहे. डेबियनवर पोस्टफिक्सचे बरेच भाग क्रूटमध्ये (स्वतःपुरत्या बंद फोल्डरमध्ये) चालतात आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची प्रत स्वतःच्या स्पूल फोल्डरमध्ये ठेवतात. ती प्रत सेवा सुरू होताना बनते. रीलोडने काही झाले नाही, रिस्टार्टनंतर झाले.

पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये, मेन डॉट सीएफमध्ये, यादीच्या नावापुढे बरोबरीचे चिन्ह आणि १२७.०.०.[२..११] असा टप्पा लिहिला. आता भलते उत्तर आले तर मेल आत येईल, थोडा स्पॅम वाढेल. पण दार बंद होणार नाही.

तपासणी : २.०.०.१२७ असा उलटा पत्ता यादीच्या नावाला जोडून विचारला. हा चाचणीसाठीच यादीत ठेवलेला असतो, उत्तर आलेच पाहिजे. १.०.०.१२७ला उत्तर येता कामा नये. दोन्ही बरोबर. मग सॉफ्ट_बाउन्स बंद. हे चालूच राहिले तर चुकीच्या पत्त्यावर आलेली मेलही पाठवणाऱ्याकडे पाच-पाच दिवस लटकते.

सॉफ्ट_बाउन्स लावण्याआधी नाकारलेली मेल परत येणार नाही. लॉगमधून पाठवणारे आणि घेणारे यांची जोडयादी काढून कार्यालयाकडे दिली.

९ जून

घरून मोबाइलच्या नेटवर पाठवणाऱ्यांना ५८७वर (लॉगिन करून मेल पाठवायच्या पोर्टवर) नकार. हे मागच्याचेच भावंड. घरगुती आणि मोबाइल आयपी झेनमधल्या पीबीएल यादीत बहुधा असतातच. अशा आयपीवरून थेट २५वर मेल येऊ नये एवढाच त्या यादीचा हेतू. आपल्या नियमांत यादीची तपासणी आधी आणि लॉगिन केलेल्यांना परवानगी नंतर होती. पोस्टफिक्स नियम वरून खाली वाचते आणि पहिल्या निकालावर थांबते. क्रम बदलला. शिवाय मास्टर फाइलमध्ये ५८७ आणि त्याच कामाच्या ४६५साठी नियम वेगळे लिहिले, म्हणजे २५च्या नियमात पुढे कुणी काही घातले तरी लॉगिनवाल्यांना त्रास नाही.

१२ जून

ओटीपी. आरस्पॅमडीची ग्रेलिस्टिंग : ४ गुणांवर (गुण जास्त तितका स्पॅमचा संशय जास्त) गेलेली अनोळखी मेल पहिल्यांदा तात्पुरती नाकारायची, पाच मिनिटांनी परत आली तर घ्यायची. स्पॅम पाठवणारे बहुधा परत येत नाहीत, हे गृहीतक. पण परत कधी यायचे ते पाठवणाराच ठरवतो. ओटीपीची मुदत तोवर संपते.

ग्रेलिस्टिंग पूर्ण बंद केली. ६ला जंक आणि १५ला नकार हे मूळ आकडे तसेच. पोस्टफिक्सच्या दारवानाच्या, म्हणजे पोस्टस्क्रीनच्या, सहा सेकंदांच्या थांब्यावर घाईने बोलणारे बॉट आधीच गळतात. पोस्टस्क्रीनच्या पुढच्या, खोल चाचण्या मात्र चालू करायच्या नाहीत. त्या पास झालेल्या नव्या पाहुण्यालाही ४५० देऊन परत पाठवतात, म्हणजे पुन्हा ग्रेलिस्टिंगच.

१४ जून

जंक शिकत नाही. लोक महिनोन् महिने स्पॅम जंकमध्ये ओढत होते आणि बेझचा (शिकवलेल्या मेलवरून स्पॅम ओळखणाऱ्या भागाचा) गुण एकाही मेलला लागलेला नव्हता. आरस्पॅमडीच्या आरस्पॅमसी स्टॅट या आदेशाने सांगितले : स्पॅम ३४०, चांगली मेल ११. आरस्पॅमडीचे बेझ दोन्ही बाजूंची किमान २०० उदाहरणे मिळेपर्यंत तोंडच उघडत नाही. स्पॅम सगळे शिकवतात. चांगली मेल शिकवायचे कुणाला सुचणार? चार मेलबॉक्समधली वाचलेली, उत्तरे दिलेली ३०० मेल लर्न_हॅमने (हॅम म्हणजे चांगली मेल) शिकवली. त्याच दिवशी गुण दिसू लागले.

डव्हकॉटच्या आयमॅपसीव्हमध्ये (मेल हलवली की स्क्रिप्ट चालवणाऱ्या भागात) दुसरी चूक : जंकमधून काहीही बाहेर काढले की 'चांगली मेल' म्हणून नोंद. जंकमधून ट्रॅशमध्ये टाकणे हेही बाहेर काढणेच! स्पॅम पुसणारा प्रत्येक जण तोच स्पॅम चांगला म्हणून शिकवत होता. स्क्रिप्टमध्ये ट्रॅश वगळला, सीव्हसीने पुन्हा कंपाइल केले. त्या ११ मेलही बहुधा अशाच आलेल्या. त्यामुळे जुना बेझ पुसून दोन्ही बाजू नव्याने शिकवल्या.

१८ जून

इतर संस्थांची मराठी मेल जंकमध्ये का पडते ते पाहिले. गुणांच्या यादीत सब्जेक्ट_नीड्स_एन्कोडिंग आणि फ्रॉम_नीड्स_एन्कोडिंग. विषय आणि नाव देवनागरीत कच्चेच घातलेले, एन्कोड (साध्या रोमन अक्षरांत रूपांतर) न करता. एकेक गुण तसा किरकोळ, पण मेसेज-आयडी नसणे वगैरे जुन्या स्क्रिप्टच्या सवयी जोडीला आल्या की सहाचा आकडा लांब नाही. हे दोन्ही गुण ०.२वर आणले. आपल्याकडे येणाऱ्या मेलमध्ये हे स्पॅमचे लक्षण नाही, जुन्या सॉफ्टवेअरचे आहे.

आपल्या पत्रकाचा विषय एन्कोड केलेला आहे, पण वाईट तऱ्हेने. नियम असा की एन्कोड केलेला एक तुकडा ७५ अक्षरांत बसला पाहिजे. त्यातली १२ अक्षरे सुरुवात-शेवटच्या चिन्हांत जातात. उरलेल्या ६३त बेस६४ची (दर तीन बाइट चार अक्षरांत मांडणाऱ्या पद्धतीची) ६० बसतात, म्हणजे ४५ बाइट, म्हणजे देवनागरीचे १५ कोडपॉइंट (युनिकोडची सुटी चिन्हे, प्रत्येकी तीन बाइट). काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे : 'ग्रंथालय' डोळ्यांना चार अक्षरे, पण आठ कोडपॉइंट, चोवीस बाइट.

पत्रकाची स्क्रिप्ट डोळे मिटून दर ४५ बाइटला कापते. विषय होता 'ग्रंथालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा'. पहिला शब्द ३३ बाइट, जागा १, मग व, काना, र यांचे ९. झाले ४३. उरलेल्या दोन बाइटांत हलन्ताचे दोन तृतीयांश बसतात, तिसरा बाइट पुढच्या तुकड्यात. काही मेल प्रोग्राम तुकडे आधी जोडून मग वाचतात, तिथे ठीक दिसते. जे तुकडा-तुकडा वाचतात तिथे 'वार', मग चौकोन, मग 'षिक'. अक्षराच्या मधोमध कापू नये असा नियमच आहे. स्क्रिप्ट बदलायची यादीत टाकले.

२१ जून

डीमार्कचे (एसपीएफ आणि डीकिम पाहून मेलचे काय करायचे ते सांगणाऱ्या धोरणाचे) अहवाल उघडले. झिप केलेल्या एक्सएमएल फाइली दोन वर्षे एका मेलबॉक्समध्ये साचत होत्या. अहवालात प्रत्येक मेल दिसत नाही. दिवसाचा हिशेब दिसतो : कुठला आयपी, किती मेल, एसपीएफ आणि डीकिमचा निकाल. दिवस यूटीसीचा, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होणारा.

४ जून : डीकिम सगळे पास. ५ जून : डीकिम जवळजवळ सगळे फेल. ६ जून : सगळे पास. मे आणि एप्रिलमध्येही ५ तारीखच. चावी बरोबर आहे, सही बरोबर आहे. फक्त पत्रकाची सही मोडते.

मग थेट जीमेलवर जाणारे पत्रक कसे चालते? तिथे एसपीएफ पास होते, आणि डीमार्कला दोघांतले एक जुळले तरी पुरते. पण काही सभासदांनी कॉलेजचा किंवा ऑफिसचा पत्ता दिला आहे आणि तिथून मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड होते. त्यांच्यासाठी पाठवणारा आयपी मधल्या सर्व्हरचा, एसपीएफ पडते, सगळी भिस्त डीकिमवर. तीही गेली की डीमार्क फेल, आणि आपले धोरण क्वारंटाइन. म्हणजे स्पॅममध्ये टाका असे आपणच सांगून ठेवलेले.

शोध संपेपर्यंत धोरण नन (काही करू नका) केले.

२४ जून

पत्रकाची एक प्रत बाहेरच्या मेलबॉक्सवर पाठवली. हेडरमध्ये : बॉडी हॅश (सहीतला मजकुराचा ठसा) जुळत नाही. म्हणजे सही झाल्यावर मजकूर बदलला. तळटीप जोडणारे काही नाही, अँटीव्हायरस नाही. डीकिम दोन्हीकडे, हेडरला आणि मजकुराला, रिलॅक्स्ड (सैल) आहे. पण रिलॅक्स्ड ओळीच्या शेवटच्या आणि जास्तीच्या जागाच माफ करते, नवी ओळ आली तर नाही.

साधी चाचणी मेल मात्र प्रत्येक वेळी पास. दोन्हींत फरक लांबीचा. मेलमधली एक ओळ ९९८ बाइटांपेक्षा लांब असू नये. असली तर पोस्टफिक्स पाठवताना तिथे ओळ तोडते आणि पुढे एक जागा घालते. सही आरस्पॅमडीने आत येतानाच केलेली, कापाकापी बाहेर पडताना.

पत्रकाचा एडिटर अख्खा परिच्छेद एका ओळीत लिहितो आणि स्क्रिप्ट ते ८ बिटांत (एन्कोड न करता) तसेच सोडते. ऑक या मजकूर मोजणाऱ्या साधनाने सर्वांत लांब ओळ मोजली : ४१२. मग ९९८ कुठून ओलांडेल? इथे तासभर गेला. इथला ऑक म्हणजे गॉक, आणि तो यूटीएफ-८ लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) बाइट नव्हे, अक्षरे मोजतो. लोकेल साधे 'सी' करून (एलसी_ऑल = सी) पुन्हा मोजली : १,१३२. त्या ओळीत देवनागरीचे ३६० कोडपॉइंट, प्रत्येकी तीन बाइट, आणि ५२ जागा-विरामचिन्हे. हिशेब चोख. इंग्रजी परिच्छेदाला हजार अक्षरांची मोकळीक. मराठीची ओळ ३३२व्या कोडपॉइंटलाच भरते. साधा मोठा परिच्छेद.

आणि ती ओळ तिसऱ्या परिच्छेदाची. ९९८वा बाइट एका कान्याच्या पोटात पडत होता. फॉन्टची म्हणून २ जूनला बाजूला ठेवलेली तक्रार ती हीच.

२५ जून

दुरुस्ती कुठे करायची? एसएमटीपी_लाइन_लेंग्थ_लिमिट शून्य केले तर पोस्टफिक्स तोडणार नाही, पण पुढचा सर्व्हर तोडेल किंवा नाकारेल. शिवाय समोरचा ८बिटमाइम (८ बिटांचा मजकूर) घेत नसेल तर पोस्टफिक्स मजकूर कोटेड-प्रिंटेबल (देवनागरीचा प्रत्येक बाइट तीन रोमन अक्षरांत) करते, तेव्हाही सही मोडतेच. मजकूर सहीच्या आधी सात बिटांत (साध्या रोमन अक्षरांत) आला पाहिजे. पोस्टफिक्स ३.९पासून हे स्वतः करण्याची सोय आहे, फोर्स_माइम_इनपुट_कन्व्हर्शन. आपले ३.७, आणि फक्त एवढ्यासाठी डेबियनचे पॅकेज सोडून जायचे नाही.

म्हणून मुळाशी : जुनी स्क्रिप्ट काढून पीएचपीमेलर (मेल रचून पाठवणारा तयार कोड) घातला. कॅरसेट यूटीएफ-८, एन्कोडिंग बेस६४. कोटेड-प्रिंटेबलमध्ये देवनागरीचा एक कोडपॉइंट नऊ अक्षरे खातो, बेस६४मध्ये चार. बेस६४ची ७६ अक्षरांची ओळ म्हणजे ५७ बाइट, म्हणजे बरोबर १९ कोडपॉइंट. ९९८चा प्रश्नच उरत नाही. विषयाचे तुकडेही तो अक्षराच्या सीमेवर पाडतो, १८ जूनचे काम त्यात आले. सोबत लिस्ट-अनसबस्क्राइब (यादीतून नाव काढण्याची सोय) आणि त्याचा एका क्लिकचा जोडीदार हेडर, दोन्ही डीकिमच्या सहीत येतील असे. जीमेलने २०२४मध्ये हे दिवसाला ५,०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना सक्तीचे केले. आपण त्यात नाही. पण नको असलेल्याला नाव काढण्याची वाट सापडली नाही की तो 'स्पॅम' दाबतो.

तीन प्रती : थेट जीमेल, फॉरवर्ड होऊन जीमेल, आपलाच मेलबॉक्स. तिन्हींत डीकिम पास. लांब ओळी, एलसी_ऑल सी लावून : शून्य.

५ जुलै

पत्रक सकाळी ७ला सोडले, संथ ट्रान्सपोर्टमधून ४१ मिनिटे. ४२१ नाही. पक्के बाउन्स २३, सगळे बंद पडलेले पत्ते, यादीतून काढले.

७ जुलै

५ तारखेचे अहवाल आले. आपल्या आयपीवरून डीकिम सगळे पास. फॉरवर्ड होणाऱ्यांच्या ओळींत एसपीएफ फेल, डीकिम पास, डीमार्क पास. हवे होते तेच. एका मधल्या सर्व्हरमागे ९ मेलची डीकिम अजून फेल आहे. तो विषयाच्या आधी स्वतःचा 'बाहेरची मेल' असा शिक्का लावतो, आणि विषय सहीत असतो. त्या नऊ जणांना फॉरवर्डऐवजी थेट जीमेलचा पत्ता द्यायला कळवायचे.

धोरण नन आहे तसेच. ५ ऑगस्टचे अहवाल पाहून क्वारंटाइन. उरले : आयपीव्ही६ची पसंती मूळ सेटिंगवर आणणे, आणि टीएलएसचे सर्टिफिकेट नवे झाल्यावर डव्हकॉट रीलोड करणारा हुक (आपोआप चालणारी स्क्रिप्ट). पोस्टफिक्सच्या नव्या प्रोसेस नवे सर्टिफिकेट आपोआप उचलतात, डव्हकॉट सांगितल्याशिवाय नाही. सध्याच्याची मुदत २ ऑगस्टला संपते.